सव्वा महिन्यात बाळंतिणीचं नेमकं काय काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी जीएनएमच्या (नर्सिंगच्या तीन वर्षांच्या शिक्षणाच्या) शेवटच्या वर्षाला आहे. तिची धाकटी बहीण महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात दिलेली, पहिल्या खेपेला माहेरी आली आहे, म्हणजे कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडच्या गावी. आठवा महिना सरत आला आहे. घरात आजी आणि आत्या शेगडी, धुरी, पाणी कमी, बाळाला गुटी या सगळ्यावर ठाम आहेत. दवाखान्यातून घरी आल्यावर रोज काय तपासायचं, आजीचं किती ऐकायचं, आणि पुढे मिडवाइफ म्हणूनच शिकायचं असेल तर वाट कोणती, हे तिला हवं आहे.

आजीपासूनच सुरुवात करते, कारण मूळ गोष्टीत आजी बरोबर आहे. सव्वा महिना बाळंतिणीने घरात राहायचं, जड काम करायचं नाही, तिला कुणीतरी आयतं गरम जेवण द्यायचं, ही आपल्याकडची पद्धत शरीराच्या गणिताशी जुळते. बाळंतपणानंतर साधारण एक किलोची झालेली गर्भपिशवी पुन्हा पन्नास-साठ ग्रॅमवर यायला सहा आठवडे लागतात. मातामृत्यूची व्याख्यासुद्धा प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांपर्यंत धरली जाते. २०१८–२० च्या नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ आणि कर्नाटकात ६९ माता दगावल्या. त्यात प्रसूतीच्या टेबलावरच्याच बाया आहेत असं समजू नका, घरी परत आलेल्याही त्यात असतात. अडचण अशी की या सव्वा महिन्यात येणारा-जाणारा प्रत्येकजण बाळाला बघतो. बाळंतिणीची नाडी कुणी धरत नाही, पोटाला हात लावत नाही. तुम्ही घरात आहात, हात शिकलेले आहेत. हे काम तुमचं.

पण पहिलं काम आजच करा, बाळंतपणाची वाट बघू नका. बहिणीचं नाव चंदगडच्या आशाताईंच्या वहीत आहे आणि बाळंतपण तुमच्या गावात होणार. सीमाभागात हमखास होतं ते असं, की सासरची आशा म्हणते बाई माहेरी गेली आणि माहेरची आशा म्हणते ही आमच्या यादीत नाही. मग घरभेटी कुणाच्याच होत नाहीत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचं असतं. घरीच झालं तर पहिल्या दिवशीही. बहिणीचं महाराष्ट्रातलं माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन तुमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांकडे जा (कर्नाटकात त्यांना आता पीएचसीओ म्हणतात), इथलं तायी कार्ड (कर्नाटकातलं मातेचं कार्ड) करून घ्या आणि दोन्ही कार्डं एकत्र पिन करून ठेवा. रक्तगट, हिमोग्लोबिन, शेवटचं बीपी आणि आधीचं काही दुखणं एका कोऱ्या कागदावर कन्नडमध्येही लिहून घ्या. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. तो कार्यक्रम केंद्राचा आहे, दोन्ही राज्यांत चालतो, त्यामुळे कार्ड कुठलं आहे यावरून कुणी परत पाठवू शकत नाही. घरी सोडणाऱ्या गाडीला इकडे नगु-मगु म्हणतात.

बाळंतपण पावसाळ्यात येत असेल आणि गाव कणकुंबीच्या बाजूला किंवा भीमगडच्या जंगलपट्ट्यात असेल, तर तारखेच्या आठ-दहा दिवस आधी खानापुरात किंवा बेळगावात कुणा नातेवाइकाकडे मुक्कामाला जाणं शहाणपणाचं. रस्ता पाण्याखाली गेल्यावर १०८ ला फोन लागून उपयोग नसतो.

बाळ झाल्यावर ४८ तास दवाखान्यातच थांबायचं. घाई करून दुसऱ्या दिवशी सकाळी घरी नेणारे खूप. पहिल्या दोन तासांत दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भपिशवीचा घट्टपणा आणि रक्तस्राव बघितला गेला पाहिजे. तुम्ही सोबत असाल तर नम्रपणे विचारा आणि शक्य तिथे स्वतः हात लावा. बाळ बाहेर आल्याबरोबर एका मिनिटात आईला ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत, नाळ एक ते तीन मिनिटांनी कापणं, बाळ उघड्या छातीवर, तासाभरात पहिलं दूध, हे तुम्हाला पाठ असेलच.

रक्त किती गेलं हे मात्र पुस्तक पाठ करून कळत नाही. यावर बेळगाव जिल्ह्यातच जगाला उपयोगी पडलेलं काम झालं आहे. २००२ ते २००५ दरम्यान जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भागात, १,६२० बायकांवर, एएनएम (उपकेंद्रातल्या) सिस्टरांच्या हातून एक चाचणी झाली. प्रसूतीनंतर तोंडाने मिसोप्रोस्टॉल (गर्भपिशवी आवळणारं औषध) ६०० मायक्रोग्रॅम दिलेल्या बायकांमध्ये अतिरक्तस्रावाचं प्रमाण ६.४ टक्के आलं, बाकीच्यांत १२ टक्के. त्याच कामात रक्त गोळा करायला मोजखुणा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरली गेली आणि नुसत्या नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरतो असं दिसलं. म्हणजे अनुभवी डोळ्यांना ‘तीनशे-साडेतीनशे मिली गेलं’ वाटतं तेव्हा प्रत्यक्षात पाचशे गेलेलं असतं. म्हणून मोजा. अशी मोजपिशवी नसेल तर पॅड आणि चादरी कोऱ्या असताना आणि भिजल्यावर वजन करा, वाढलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. ५०० मिली ही धोक्याची जुनी रेघ. पण ३०० मिलीलाच नाडी वाढली किंवा बीपी उतरलं तर वाट बघायची नाही. बीपी उशिरा पडतं, नाडी आधी पळते. नाडीच्या आकड्याला बीपीच्या वरच्या आकड्याने भागा. ०.९ च्या पुढे गेलं तर बाई ‘बरी दिसते’ यावर विश्वास ठेवू नका. नाडी ११० आणि वरचं बीपी १०० असेल तर भागाकार १.१ येतो, तिथे क्षणभरही थांबायचं नसतं.

आता घरचं. रोज सकाळी, दुधाची एक वेळ झाल्यावर, दहा मिनिटं काढा. आधी तिला लघवीला पाठवा. भरलेलं मूत्राशय गर्भपिशवीला वर आणि उजवीकडे ढकलतं, मग तुमचं माप चुकतं आणि पिशवी आवळायलाही अडथळा येतो. (प्रसूतीनंतर सहा तासांत लघवी झालीच पाहिजे. टाक्यांच्या भीतीने बाया रोखून धरतात.) उताणी झोपवून गुडघे दुमडायला सांगा, हाताची करंगळीकडची कड बेंबीपाशी ठेवून हळूहळू खाली दाबत या. पिशवीचं टोक आवळलेल्या मुठीसारखं लागलं पाहिजे. पहिल्या दिवशी ते बेंबीच्या आसपास असतं, मग रोज साधारण एक बोट खाली उतरतं आणि दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत वरून हाताला लागेनासं होतं. सिझर असेल तर टाक्यांपासून लांब, बाजूने, अगदी हलक्या हाताने. पिशवी मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर एक हात ओटीपोटाच्या हाडाच्या वर आधाराला ठेवून दुसऱ्याने गोल चोळा, आवळली की थांबा. दोन दिवस टोक तिथल्या तिथे राहिलं तर आत वारेचा तुकडा किंवा गाठ राहिली असेल, किंवा जंतुसंसर्ग सुरू झाला असेल. दवाखान्यात न्या.

अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाव्या दिवसापर्यंत तपकिरी-गुलाबी, मग पिवळसर-पांढरं, आणि हे सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतं. वास पाळीसारखा असतो. कुजका वास आला तर तो ‘आतली घाण बाहेर पडतेय’ म्हणून सोडून द्यायचा नाही. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला, लिंबापेक्षा मोठी गाठ पडली, किंवा पांढरं सुरू झाल्यावर पुन्हा ताजं लाल जायला लागलं, तर लगेच १०८. पावसात कापड वाळत नाही ही आपल्याकडची खरी अडचण. दमट घडी पुन्हा वापरण्यापेक्षा सव्वा महिना पॅड वापरा, आणि कापडच वापरायचं असेल तर धुऊन, वाळवून, वर गरम इस्त्री फिरवून.

टाक्यांसाठी पुढून मागे धुणं, प्रत्येक लघवीनंतर कोमट पाणी, शौचाला मऊ होईल असं खाणं. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-पाचव्या दिवशी उलट वाढलं, ठणका लागला, कड लाल आणि फुगलेली दिसली तर ते पिकायला लागलं आहे. टाके बघताना दिवा किंवा मोबाइलची बॅटरी घ्या. अंधाऱ्या खोलीत, साडीच्या आडून ‘ठीक आहे ना गं?’ विचारणं म्हणजे तपासणं नव्हे.

ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, याच्या वर गेला की कारण शोधायचं: छाती, टाके, पिशवी, लघवी, पोटरी, आणि आपल्या भागात मलेरिया-डेंग्यूही. ‘दुधाचा ताप आहे, उतरेल’ हे घरात फार ऐकू येतं. दूध भरताना अंग थोडं तापतं हे खरं, पण १००.४ ही रेघ ओलांडल्यावर ते म्हणणं सोडून द्या. एका पोटरीत दुखून ती सुजली, किंवा एकाएकी धाप लागली, तर गुठळीची शंका. सव्वा महिना बाजेवर पडून राहण्याचा हा धोका आहे, म्हणून विश्रांती म्हणजे पडून राहणं नाही. पहिल्या दिवसापासून घरात चालणं हवं.

बीपीवर मी जास्त वेळ घालवते, कारण ते सगळ्यात जास्त सुटतं. बाळंतपणात बीपी चांगलं होतं म्हणून नंतर कुणी मोजत नाही. पण प्रसूतीनंतर बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सगळ्यात वर जातं, नेमकं तेव्हा बाई घरी असते. गरोदरपणी कधीच वाढलं नव्हतं अशा बाईलाही नंतर झटके येऊ शकतात. घरात यंत्र असेल तर पहिला आठवडा रोज मोजा. दहा मिनिटं बसवून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर, पट्टा दंडाच्या मापाचा. १४०/९० आलं तर त्याच दिवशी दाखवायचं. १६०/११० आलं, किंवा डोकं फुटेल असं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, तर ताबडतोब. तुमच्या पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या आधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, दिला गेला पाहिजे. तो न देता गाडीत घातलं तर झटका वाटेत येतो. झटका आल्यावर कांदा हुंगवणं, दातांत चमचा घालणं, देवऋषीला बोलावणं, यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. कुशीवर वळवा, गाडी बोलवा.

दुधाचा विषय. चीक टाकून देणारी घरं कमी झाली आहेत, पण ‘दूध उतरलंच नाही’ म्हणून तिसऱ्या दिवशी डबा आणणारी वाढली आहेत. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच लागतं आणि तेवढाच चीक असतो. भरपूर दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतं. पुरतंय की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नका. लंगोट मोजा: सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले. वजन मोजा: जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत परत येतं. तीन किलोचं बाळ पाचव्या दिवशी २.८ किलो असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. २.६५ असेल तर आधी पकड बघायची.

पकड म्हणजे चार गोष्टी. हनुवटी छातीला टेकलेली, तोंड आ केलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय, खाली कमी. बोंडाला चिरा पडण्याचं कारण जवळपास नेहमी चुकीची पकड असते, आणि तिच्यावर तूप-हळद लावून कारण जात नाही. बाळाचं नाक बोंडासमोर आणून, त्याने मोठा आ केल्यावर एका झटक्यात जवळ घ्या. बाळाला छातीकडे आणायचं असतं, छाती वाकवून बाळाकडे न्यायची नाही. नाहीतर आठवड्यात आईची पाठ धरते. दिवसातून आठ ते बारा वेळा, रात्रीही. रात्रीचं दूध बंद करून आजीने बाळ घेऊन झोपणं मायेचं असतं, पण त्याने छाती दगडासारखी होते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप. दगड झाली तर पाजण्याआधी ओला गरम कपडा, थोडं हाताने पिळून काळा भाग मऊ करणं, मग पाजणं, नंतर गार कपडा. एका जागी लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला तरी पाजणं बंद करू नका. चोवीस तासांत उतार नाही तर डॉक्टर. बाळ ओढू शकत नसेल तर दूध काढून वाटी-चमच्याने, किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजा, पण बोंडलं प्रत्येक वेळी उकळा. त्याच्या चोचीत दूध साचून राहतं.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं हे शेगडीपेक्षा कितीतरी चांगलं. दिवसातून आठ तासांपासून चोवीस तासांपर्यंत, आई थकली तर बाबा, मावशी किंवा आजी. आजीला हे काम दिलं की शेगडीचा वाद बऱ्याच घरांत आपोआप मिटतो.

शेगडीबद्दल मात्र तडजोड नाही. जांबोटीकडच्या पावसात दारं-खिडक्या लावलेली खोली, बाजेखाली कोळसा: यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आई आणि बाळ दोघं झोपेतच जाऊ शकतात. उबेची गरज खरी आहे, ती नाकारू नका. खोलीत वारा न येणारी जागा, टोपरं, पायमोजे, गरम पाण्याची पिशवी (आईच्या पाठीला, बाळाला कधीच नाही), शेक घ्यायचाच तर खोलीबाहेर पडवीत. धुरीही तशीच. ओवा-शेपाचा वास आजीला हवा असेल तर अंगणात करा. महिन्याच्या फुप्फुसात धूर नको.

बाकी चालीरीतींची वाटणी करताना माझा निकष सोपा आहे: बाळाच्या तोंडात, नाकात, कानात, डोळ्यांत आणि नाळेवर काही जात नसेल, आणि आईचं खाणं-पिणं तुटत नसेल, तर करू द्या. कान बांधणं, आईला तेल लावणं, कोमट पाण्याची अंघोळ, सटवाईची पूजा, दाराला कडुनिंब, याने काही बिघडत नाही. पोट बांधणं कंबरेला आधार वाटण्यापुरतं ठीक, पण त्याने पिशवी आत जात नाही, आणि करकचून बांधलं तर सगळा दाब खाली जाऊन अंग बाहेर येण्याला मदतच होते. गुटी, मध, जन्मघुट्टी, वरचं पाणी, सहा महिने काही नाही. मधात बोट्युलिझमचे जंतू असू शकतात, म्हणून वर्षभर नको. नाळ कोरडी ठेवायची. हळद, वेखंड, राख, खोबरेल काही नको, पाच ते पंधरा दिवसांत ती गळते. काजळात शिसं असू शकतं. नाकात तेल सोडलं तर फुप्फुसात उतरतं. पहिली अंघोळ चोवीस तासांनंतर, कमी वजनाच्या बाळाची आणखी उशिरा.

पाणी कमी द्यायची पद्धत आईला सगळ्यात जास्त छळते. पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, म्हणून दिवसाला दोन पेले! दूध बनतं ते पाण्यातून, आणि बद्धकोष्ठ, मूळव्याध, लघवीची जळजळ या तिन्ही तक्रारी तिथून येतात. प्रत्येक वेळी पाजायला बसताना शेजारी भरलेला तांब्या हवा. आजीला गार पाणी नको असेल तर कोमट द्या, सुंठ घालून द्या, वाद कशाला. दूध पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिनं जास्त लागतात. अळीव-डिंकाचे लाडू कॅलरी भरतात, पण प्रथिनं त्यांत थोडी. नुसता मऊ भात, तूप आणि मेतकूट यावर महिना काढणारी बाळंतीण फिकट पडते. रोज दोन वाट्या घट्ट डाळ किंवा उसळ, एक अंडं, दूध-दही, घरात चालत असेल तर मासे, आणि पालेभाजी. नाचणीची भाकरी किंवा आंबील ठेवा, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ‘वातूळ’ म्हणून एखादी गोष्ट आजीने काढली तर तिच्या जागी तशीच दुसरी मागा, रिकामी जागा सोडू नका. कर्नाटकात अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेखाली बाळंतिणीलाही गरम जेवण मिळतं. बहीण माहेरवाशीण असली तरी नाव घालायला सांगा.

लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक) रोज एक, १८० दिवस. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तेही सहा महिने. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह शोषलं जात नाही, मध्ये दोन तास हवेत, आणि चहा लोहापासून लांब. या गोळ्या सव्वा महिना संपला की बंद पडतात, हे मी न चुकता होतं असंच समजते. डबा दिसेल तिथे ठेवा.

मिश्रीचं, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूचं, बोलायलाच हवं. खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात ती बायकांच्या हातात लहानपणापासून असते. गरोदरपणी उलटीमुळे सुटते आणि बाळंतपणानंतर ‘शौचाला साफ होत नाही’ म्हणून परत येते. निकोटीन दुधात उतरतं. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. पण मिश्री लावते म्हणून पाजणं मात्र बंद करायचं नाही. निपाणीत तंबाखूच्या कामावर परत जाणाऱ्या बाईने घरी आल्यावर साडी बदलून, हात-छाती धुऊन मगच बाळाला घ्यावं.

मनाचं. तिसऱ्या-पाचव्या दिवशी उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. त्यापुढे राहिलं तर तो आजार. शेजारच्या गोव्यात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा-आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के उदासीनतेने ग्रासलेल्या आढळल्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी होणं ही त्यामागची कारणं दिसली. मुलगी झाली असेल तर बारशाला ‘पुढच्या वेळी होईल’ म्हणणाऱ्यांना तुम्हीच थांबवा, बहिणीला ते शक्य नसतं. एकटीला गाठून दोन प्रश्न विचारा: गेल्या काही दिवसांत सारखं उदास, हताश वाटतं का? कशातच रस वाटत नाही असं होतं का? एकाचं उत्तर ‘हो’ आलं तर दाखवायचं. १४४१६ वर टेलि-मानस मराठीत आणि कन्नडमध्ये बोलतं. झोप पूर्ण उडाली, भलतंच दिसू-ऐकू लागलं, बाळाला इजा करीन म्हणाली, तर ही त्याच दिवशीची इमर्जन्सी. बाहेरची बाधा समजून अमावास्येची वाट बघू नका, आणि बाळाजवळ तिला एकटी ठेवू नका.

बाळाच्या धोक्याच्या खुणा थोड्याच: ओढत नाही, अंग थंड किंवा तापलेलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, बरगड्या आत जाणं, पहिल्या चोवीस तासांत पिवळं किंवा नंतर तळवे-तळपाय पिवळे, नाळेभोवती लाली. यातली एकही दिसली तर बाळाला गुंडाळून छातीशी धरून निघायचं.

पुढच्या बाळाची गोष्ट आताच ठरवा. पूर्ण स्तनपान, पाळी आलेली नाही आणि बाळ सहा महिन्यांच्या आत, या तिन्ही अटी असतील तरच दूध पाजणं संरक्षण देतं. तांबी ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनी बसते, अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर. पाजणाऱ्या आईने नेहमीच्या मिश्र गोळ्या सहा महिन्यांच्या आत घेऊ नयेत.

सहा घरभेटींचे दिवस घरात कुणाच्या लक्षात राहत नाहीत, पण पाचवी, बारसं आणि सव्वा महिना सगळ्यांना पाठ असतात. म्हणून तपासणी त्यांनाच जोडा. पाचवीला, पाहुणे यायच्या आधी, बीपी, छाती, टाके आणि बाळाचा पिवळेपणा. बारशाला पिशवी, स्राव आणि बाळाचं वजन जन्मवजनावर आलं का. सव्वा महिन्याला, ओटी भरून बाहेर पडायच्या दिवशी, आधी पीएचसीत जाऊन हिमोग्लोबिन, बीपी, टाके, आणि गर्भनिरोधकाचा निर्णय. जन्मनोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच, २१ दिवसांत. सासर महाराष्ट्रात असलं तरी दाखला इथलाच, त्यामुळे आई-बापाच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आधीच लिहून न्या.

शेवटी तुमच्या शिक्षणाचं. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, बी.एस्सी. चार. जीएनएम आणि बी.एस्सी. नंतर नर्सबरोबर मिडवाइफ म्हणूनही नोंदणी होते, पण दोन्ही कामं एकाच पदात मिसळली आहेत आणि बदली झाली की प्रसूतिकक्षातली सिस्टर उद्या ऑर्थोला असते. हे तोडायला २०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने मिडवाइफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या: नोंदणीकृत, प्रसूतीचा अनुभव असलेल्या नर्सला अठरा महिन्यांचं नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हे प्रशिक्षण, आणि मिडवाइफच्याच देखरेखीखाली चालणारी प्रसूतिकेंद्रं. तुमची वाट तीच आहे. आधी नोंदणी, मग सरकारी प्रसूतिकक्षात काही वर्षं. तोपर्यंत एक करा. विद्यार्थिनी डिलिव्हऱ्यांचा आकडा भरायला धावतात आणि बाळंतिणींचा वॉर्ड विसाव्याची ड्यूटी समजतात. तुम्ही तो वॉर्ड मागून घ्या. पन्नास पिशव्यांना हात लावल्याशिवाय मऊ आणि घट्ट यातला फरक बोटांना कळत नाही, पन्नास पकडी बघितल्याशिवाय डोळा तयार होत नाही. कन्नडमधले शब्दही तिथेच शिका: तलेनोवु म्हणजे डोकेदुखी, ज्वर म्हणजे ताप, हालु म्हणजे दूध. तुम्हाला मराठी बाळंतिणीचं दुखणं कन्नड डॉक्टरांना एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

आणि बघितलेलं लिहायची सवय बहिणीपासूनच लावा, म्हणजे पुढच्या दवाखान्यात दाखवायला हातात काही असेल. नोंद अशी दिसावी:

पाचवा दिवस, सकाळी ९. नाडी ८४, बीपी १२६/८०, ताप ९८.४. लघवी झाली, जळजळ नाही, शौचाला काल. पिशवी बेंबीखाली पाच बोटं, घट्ट, दुखत नाही. स्राव तपकिरी-लाल, कालपासून चार पॅड, वास नाही. टाके कोरडे, डाव्या कडेला थोडी सूज, उद्या पुन्हा बघणे. छाती भरलेली, उजव्या बोंडाला चीर, पकड दुरुस्त केली. पाजणं दहा वेळा, ओले लंगोट सहा. बाळ २.६६ किलो, जन्माला २.८०, चेहरा-छाती पिवळसर, तळवे नाहीत. रात्री झोप तीन तास. काल संध्याकाळी रडली, विचारल्यावर म्हणाली आईची आठवण येते. लोह घेतलं, कॅल्शियम राहिलं.